वाशीचा फळबाजार आणि बिअरचा हंगाम

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या पबांत छोट्या ब्रुअरींची, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यांची, बिअर मिळते, तिथल्या फळ्यावरची नावं आता दर महिना-दोन महिन्यांनी बदलतात. एप्रिल-मेमध्ये आंबा, जूनमध्ये जांभूळ, भर पावसात भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) काळपट बिअर, थंडीत स्ट्रॉबेरी किंवा मसाला. हे सगळं पाश्चात्त्यांकडून नुकतंच उचललेलं खूळ आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. उचललेलं आहे हे खरं, पण त्यात नवं काही नाही. बिअर मुळातच हंगामी होती. तिचा हंगाम युरोपात यंत्राने संपवला. आपल्याकडे ती आली तेव्हा कायद्याने तिला एकाच साच्यात बसवलं. तो साचा फोडायला २००९ साल उजाडावं लागलं.

सुरुवात बव्हेरियापासून करावी लागते. बिअरमध्ये काय घालायचं याचा १५१६ चा तिथला नियम सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १५५३ चा नियम. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायचीच नाही, असं त्या नियमाने ठरवून टाकलं. उन्हाळ्यात आंबवण बिघडायचं, हवेतले नको ते जंतू शिरायचे, बिअर आंबट व्हायची. म्हणून मार्चमध्ये जरा कडक आणि हॉप्स (कडवटपणा देणारी, बिअर टिकवणारी फुलं) जास्त घातलेली बिअर बनवून थंड तळघरांत ठेवत आणि उन्हाळाभर पुरवत. त्या बिअरला मार्चचंच नाव पडलं, ‘मेर्झन’. नवा हंगाम सुरू होण्याआधी उरलेली पिंपं रिकामी करायची, म्हणून ती शरद ऋतूत प्यायली जाई. १८१० मध्ये म्युनिकला युवराज लुडविगच्या लग्नाचा जो सोहळा झाला, त्यातून पुढे ऑक्टोबरफेस्ट उभा राहिला आणि ही बिअर त्याच्याशी जोडली गेली.

मग १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्र बनवलं. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक ब्रुअरीवालेच होते. बाराही महिने ८ ते १२ अंशांवर लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबणारी बिअर, आंबवता येऊ लागली आणि हंगाम पाळायचं कारणच उरलं नाही. १८४२ मध्ये पिल्सेन गावात जन्मलेली फिकट सोनेरी बिअर या यंत्राच्या जोरावर जगभर पसरली. आज बाटलीतली बिअर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते तिचंच दूरचं नातेवाईक.

हिंदुस्थानात बिअर आली ती जहाजातून. लंडनच्या बो ब्रुअरीचे जॉर्ज हॉजसन अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कलकत्ता-मुंबईच्या गोऱ्या साहेबांसाठी पिंपं पाठवत. त्यात ऑक्टोबरमध्ये बनवलेली, भरपूर हॉप्सची, टिकाऊ बिअर असे. पुढे इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ब्रुअरींनी तो व्यापार काबीज केला आणि त्यातून इंडिया पेल एल हा प्रकार रूढ झाला (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर). म्हणजे इथे पोहोचलेली बिअरसुद्धा एका हंगामाची होती, फक्त तो हंगाम विलायतेचा होता. इथल्या उकाड्यात बिअर बनवणं अशक्यच होतं. त्यामुळे पहिल्या ब्रुअरी निघाल्या त्या डोंगरांत: एडवर्ड डायर यांची कसौलीला, मग आजच्या पाकिस्तानातल्या मरीला, निलगिरीत. १९१५ मध्ये थॉमस लेशमन यांनी दक्षिणेतल्या काही ब्रुअरी एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली.

कोकण किनाऱ्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, कारण इथे स्वतःची हंगामी पेयं होती. माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. आणि जंगलपट्ट्यात मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, वाळवायची आणि वर्षभर गरजेप्रमाणे त्याची दारू गाळायची, हे वारली, ठाकर, कातकरी घरांतलं रोजचं काम. लग्न, पेरणी, देवाचा नवस यांत तिला जागा होती.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण ठाणे जिल्ह्याच्या मद्याच्या इतिहासातला सर्वांत जाचक भाग इथेच आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती घेतला. ताडी-माडीच्या झाडांवर कर बसला. मोहाची दारू उरणजवळच्या भट्ट्यांत मक्तेदारीने बनू लागली. त्या भट्ट्या मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांच्या होत्या. गावोगावची घरगुती दारू मात्र गुन्हा ठरली. तेवढ्याने भागलं नाही म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला आणि तो ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांना लागू झाला. झाडावरून पडलेलं फूल घरात साठवणंसुद्धा परवान्याच्या कक्षेत गेलं. आज आपण ‘लोकल’ आणि ‘सीझनल’ हे शब्द कौतुकाने वापरतो. या मातीतलं खरोखरचं स्थानिक आणि हंगामी पेय सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्याने मोडून काढलं गेलं, हे ते कौतुक करताना विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

स्वातंत्र्याच्या लढ्यात दारूबंदी हा काँग्रेसचा महत्त्वाचा कार्यक्रम होता, आणि त्यामागे घरं उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या बायकांचं दुःख होतं. खेर मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. तिचा परिणाम ठाण्याच्या खाडीने पाहिला. तिवरांच्या आडोशाला हातभट्ट्या लागल्या आणि होडीतून जाऊन छापे घालायची वेळ उत्पादन शुल्क खात्यावर आजही येते. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा तोच राहिला. म्हणूनच आपल्याकडच्या बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं आणि पिणाऱ्याजवळ परवाना असणं कागदोपत्री आजही गरजेचं आहे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५.

या चौकटीत वाढलेली बिअर एकसुरी होणं अटळ होतं. परवाने महाग, विक्रीची ठिकाणं मोजकी, वाहतुकीवर पदोपदी शिक्के. असा धंदा मोठ्या कंपनीलाच झेपतो, आणि मोठ्या कंपनीला एकच चव लाखो बाटल्यांत भरणं परवडतं. ६५० मिलीची बाटली, फिकट लागर, आणि पैशाला जास्त नशा म्हणून स्ट्राँग. देशात आजही सर्वाधिक खप स्ट्राँगचाच आहे. नवी मुंबईच्या वेशीवर तळोजा एमआयडीसीत मोठी ब्रुअरी आहे. पनवेल-ठाण्याच्या कितीतरी लोकांनी आयुष्यात प्यायलेली बिअर बहुधा घरापासून तासाभराच्या अंतरावर बनलेली असेल, पण तिच्यात या जागेचं काही नव्हतं.

साचा फुटला तो आधी अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोची बंद पडू घातलेली अँकर ब्रुअरी १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी विकत घेतली आणि १९७५ पासून दर नाताळला वेगळ्या पाककृतीची बिअर काढायला सुरुवात केली. हंगामी बिअरची आजची चाल बरीचशी तिथून आली. ब्रिटनमध्ये पिंपातल्या पारंपरिक एलसाठी गिऱ्हाइकांनीच १९७१ मध्ये चळवळ उभारली. यंत्राने अनावश्यक केलेला हंगाम लोकांनी हौसेने परत मागून घेतला, ही मला या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

महाराष्ट्रात हे वारं पुण्यात आलं. राज्याच्या नियमांत मायक्रोब्रुअरीला (जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीला) जागा झाली आणि २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी डूलॅली सुरू केली, जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ यांच्या हाताखाली. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला द बार्किंग डिअर उघडलं. ठाणे जिल्ह्याचा वाटा मात्र वेगळ्या वाटेने आला आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. गेटवे ब्रुइंग कंपनीने पब न काढता डोंबिवलीच्या औद्योगिक भागात ब्रुअरी टाकली आणि गव्हाची ‘व्हाइट झेन’सारखी बिअर पिंपांत भरून मुंबईच्या बारना पुरवली. रंग, रसायनं आणि इंजिनिअरिंगच्या शेडमध्ये क्राफ्ट बिअर! जागेचं भाडं, वीज, सांडपाण्याची सोय, फॅब्रिकेटर, वेल्डर, बॉयलरचा माणूस हाकेच्या अंतरावर असणं, या गोष्टी ब्रुअरीला झगमगाटापेक्षा जास्त लागतात. एमआयडीसीत त्या आयत्या मिळतात.

आता प्रश्न येतो इथल्या हंगामाचा. वर्षभर तिशीच्या आसपास तापमान असलेल्या शहरात टाकीच्या आतलं हवामान कधीच बदलत नाही. एलला १८ ते २२ अंश लागतात, लागरला त्याहून बरेच कमी, आणि ते चिलरच देतो. म्हणजे बव्हेरियात टाकीच्या आत जो हंगाम होता, तो इथे टाकीच्या बाहेर आहे: मालात आणि गिऱ्हाइकात.

माल म्हणजे प्रथम फळ. नव्वदच्या दशकात घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटहून वाशीच्या एपीएमसीत आला आणि नवी मुंबई हे कोकणच्या आंब्याचं दार बनलं. हापूसची खरी गर्दी मार्च ते मे. त्याच सुमारास कोकम, मग जांभूळ, हिवाळ्यात नागपूरची संत्री आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. फळ बिअरमध्ये घालणं वाटतं तितकं सोपं नाही. आंब्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं, गोडवा जातो आणि मागे सालीचा, देठाचा हलका वास उरतो. म्हणून गर बहुतेकदा पहिलं आंबवण संपत आल्यावर घालतात. गरातल्या पेक्टिन या चिकट घटकामुळे बिअर गढूळ राहते, तो दोष नव्हे. जांभूळ रंग देतं आणि घशाला किंचित तुरटपणा. कोकम तर आंबट आणि खारट बिअरसाठीच जन्मलं आहे. जर्मनीत लाइपझिगकडे मीठ आणि धणे घातलेली ‘गोझ’ नावाची बिअर बनते. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून एल काढली, ती जिभेला सोलकढीच्या शेजारी बसवते. माझ्या मते आपल्या भागातल्या हंगामी बिअरचा सर्वांत नेमका प्रयोग तोच.

पाण्याचाही वाटा आहे. ठाण्याला भातसाचं आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचं, म्हणजे मुख्यतः पावसाचं, कमी क्षारांचं पाणी मिळतं. असं मृदू पाणी फिकट बिअरला मानवतं. कडवट पेल एल बनवायची तर ब्रूअर त्यात जिप्सम हा क्षार घालून पाणी बर्टनसारखं जड करून घेतो. पावसाळ्यात खरी काळजी माल्टची. ते ओलावा ओढून घेतं आणि एकदा सादळलं की दळताना नीट फुटत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर पोत्यांचा साठा कमी ठेवतात.

आणि गिऱ्हाईक? त्याचा हंगाम पंचांग ठरवतं. आषाढी एकादशीला ड्राय डे. आषाढ अमावस्येला गटारी, आगरी-कोळी गावांतच नव्हे तर सगळ्या ठाणे-पनवेल पट्ट्यात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण आणि निम्मे टेबल रिकामे. मग गणपती, विसर्जनाचा ड्राय डे, नवरात्र, २ ऑक्टोबर. साधी एल टाकीत जायला आणि नळावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, लागरला पाच-सहा. ताजी बिअर साठवून ठेवता येत नाही. म्हणून गटारीची बिअर आषाढ लागायच्या सुमारास चढवावी लागते आणि श्रावणासाठी बॅच निम्मी करावी लागते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा पंचांगातला श्रावण सरळ दोन महिन्यांचा झाला. ऑक्टोबरफेस्टच्या नावाची बिअर आपल्याकडे येते ती ऑक्टोबर हीटमध्ये. जड, गोडसर माल्टची ती बिअर त्या उकाड्यात किती जण आवडीने पितात, याची मला शंका आहे. त्या महिन्यात कोकमाची आंबट बिअर ठेवली तर जास्त शहाणपणाचं होईल.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने या धंद्याचं नाजूकपण उघडं केलं. पब बंद, टाक्या भरलेल्या आणि बाहेर विकायला परवानगी नाही. पुण्यासह देशभर ब्रुअरीवाल्यांनी हजारो लिटर बिअर गटारात सोडली. त्यानंतर राज्याने मायक्रोब्रुअरींना ग्राउलर नावाच्या मोठ्या झाकणबंद बाटलीतून ताजी बिअर घरी न्यायला देण्याची मुभा दिली. घोडबंदर रोड किंवा खारघरला राहणाऱ्याला, परतीच्या प्रवासाची आणि गाडी चालवण्याची चिंता न करता, हंगामातली एखादी बॅच घरी चाखता येऊ लागली ती या बदलामुळे. मात्र ग्राउलर उघडल्यावर त्याच दिवशी संपवावा आणि तोवर फ्रीजमध्येच ठेवावा.

फळ्यासमोर उभं राहिल्यावर दोनच गोष्टी विचाराव्यात: बॅच कधीची आहे, आणि फळ कोणत्या रूपात घातलं आहे. चांगला ब्रूअर दोन्हींची उत्तरं आनंदाने देतो. डिसेंबरात हापूसची बिअर दिसली तर गर मागच्या हंगामाचा, डब्यातला किंवा गोठवलेला आहे हे उघड आहे. तो वाईटच असतो असं नाही, पण एप्रिलच्या बॅचचा भाव त्याला देऊ नये.