आगाप भाजीपाला (प्रशांत वायव्य अमेरिका)

अमेरिकेच्या वॉशिंग्टन व ओरेगॉन राज्यांचा कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेकडील भाग आणि त्याला लागून असलेला कॅनडातील व्हँकूव्हरचा परिसर, या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिलच्या थंड, ओल्या दिवसांत केली जाणारी भाज्यांची लवकर लागवड. वाटाणा, पालक, लेट्यूस, मुळा, कांदा, कोबी व त्याच्या कुळातील भाज्या आणि बटाटा ही यातली मुख्य पिके. परसबागेत, गावोगावच्या सामूहिक बागांत आणि आठवडी बाजारासाठी पिकवणाऱ्या छोट्या शेतांवर ती घेतली जातात.

इथला हिवाळा सौम्य असतो. फेब्रुवारीत सिॲटलचे दुपारचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचे ३ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे थंडीने पीक मरण्याची भीती अमेरिकेच्या मध्य भागापेक्षा पुष्कळ कमी. अडचण पावसाची आहे, आणि तीही त्याच्या आकड्याची नव्हे. सिॲटलचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पुण्यापेक्षा काहीसा जास्त. पण पुण्यात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. सिॲटलला तो दीडशेहून अधिक दिवसांत वाटलेला असतो आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिल भुरभुरत राहतो. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. स्थानिक फरकही मोठे आहेत. ऑलिंपिक पर्वताच्या पर्जन्यछायेतील स्क्विम गावी वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस होतो, तर त्याच पर्वताच्या समुद्राकडच्या बाजूला घनदाट वर्षावने आहेत. त्यामुळे एका गावचे लागवडीचे वेळापत्रक शेजारच्या गावाला चालेलच असे नाही.

या लागवडीचे मर्म मराठी शेतकऱ्याच्या एका शब्दात सांगता येते : वाफसा, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडीही नाही, अशी जमिनीची पेरणीजोगी ओल. महाराष्ट्रात मृगाचा पाऊस झाला आणि दोन-चार उन्हे पडली की जमीन वाफशावर येते आणि तिफण चालते. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये सलग दोन उन्हेच दुर्मिळ. जमीन पाण्याने भरलेली, मातीतल्या हवेच्या पोकळ्या बुजलेल्या आणि ओली माती तापायला वेळ जास्त लागत असल्याने ती गारही. अशा मातीत बी उगवण्याआधी कुजते. तरीही घाई करून फावडे घातले, तर ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यातील चिकण मातीची अशी ढेकळे होतात, की ती उन्हाळ्यात विटांसारखी वाळतात आणि पुढचे सबंध वर्ष त्रास देतात. त्यामुळे अनुभवी माणूस कॅलेंडरआधी मूठ पाहतो. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबायची आणि गोळ्याला अंगठ्याने टोचायचे. गोळा भुसभुशीत फुटला तर पेरायला हरकत नाही. अंगठ्याचा ठसा चकचकीत उमटला, तर फावडे भिंतीला टेकवून घरात परतायचे.

वाटाणा २२ फेब्रुवारीला, अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाढदिवशी (आता त्याच सुमाराच्या ‘प्रेसिडेंट्स डे’च्या सुटीत) पेरावा आणि बटाटा १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला लावावा, अशी तिथे रूढी आहे. आपल्याकडच्या नक्षत्रांसारखाच हा अंदाज. तो डोळे झाकून पाळण्यात अर्थ नाही. जमिनीचे तापमान ५ अंश असताना पेरलेला वाटाणा वर यायला महिन्याहून अधिक घेतो, १० अंशांना साधारण दोन आठवडे आणि १५ अंशांना नऊ-दहा दिवस. म्हणजे फेब्रुवारीत पेरलेला आणि तीन आठवडे उशिरा पेरलेला वाटाणा बरेचदा मागे-पुढे एकाच सुमारास उगवतो. फरक इतकाच, की पहिल्याचे अर्धे बी वाटेत कुजलेले असते. यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघरात रोजचा आहे. मटकीसारखे वाटाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधायचे आणि घरच्या उबेत मोड आणून मगच, मोड न मोडता, वाफ्यात लावायचे. पालक व लेट्यूस ५ अंशांच्या आसपासही हळूहळू उगवतात. घेवडा आणि मका मात्र माती १५ अंशांवर गेल्याशिवाय पेरूच नयेत.

वाफसा लवकर आणण्याचे मार्ग मुळात दोनच : पाणी खाली काढून देणे आणि वरचे पाणी अडवणे. पहिल्यासाठी वीत-दीड वीत उंचीचे गादीवाफे करतात. त्यातून पाणी निथळते आणि माती थोडी आधी तापते. दुसऱ्यासाठी पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून वाफ्यावर पाइपच्या कमानी रोवून प्लॅस्टिक ताणतात. पाहणाऱ्याला हे थंडीपासूनचे संरक्षण वाटते. प्रत्यक्षात ते बरेचसे छत्रीचे काम करते. वारा आणि वरवरची थंडी अडवायला पिकावर पसरायचे पांढरे, विरळ कापड (क्रॉप कव्हर) पुरते, पण त्यातून पाऊस झिरपतो. जुन्या खिडक्यांची तावदाने लाकडी चौकटीवर तिरपी ठेवून केलेल्या पेट्याही दिसतात. ऊन पडले की मात्र सगळे उघडावे लागते. मार्चच्या लख्ख दुपारी बंद पेटीत रोपे तासाभरात माना टाकतात.

कोबी, कांदा, लेट्यूस यांची रोपे घरात ट्रेमध्ये तयार करतात. तिथे अडचण उजेडाची. सिॲटल ४७ अंश उत्तरेच्याही वर आहे. दिवस दहा तासांचा व्हायला फेब्रुवारी उजाडतो, आणि तोही बहुधा ढगाळ. खिडकीतली रोपे लांबट, पिवळट होऊन पडतात, म्हणून दिव्याखाली १४ ते १६ तास ठेवणे बरे. ओल जास्त झाली की ती बुडाशी कुजून कोलमडतात. त्यावर औषधापेक्षा वारा खेळता ठेवणे आणि हात आखडून पाणी देणे उपयोगी. बाहेर लावण्याआधी आठवडाभर हार्डनिंग करतात, म्हणजे रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

सततच्या पावसाने मातीतला चुना आणि नायट्रेट वाहून जातात. जमीन आम्लधर्मी होते, म्हणून शरद ऋतूतच चुना किंवा डोलोमाइट घालतात. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट रोगही त्याने आटोक्यात राहतो. गार मातीत जिवाणू मंद असल्याने कंपोस्ट भरपूर असूनही मार्चमधले रोप नत्राला उपाशी राहते, तेव्हा लवकर लागू होणारे थोडे खत वेगळे द्यावे लागते.

या भागाची खरी कीड म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. जंगलातली पिवळी, वीतभर लांब ‘बनाना स्लग’ इथलीच आणि तशी निरुपद्रवी; रोपे फस्त करतात त्या युरोपातून आलेल्या लहान, करड्या जाती. सकाळी पाहावे तर कोवळ्या पालकाच्या जागी नुसती देठे आणि मातीवर रुपेरी रेघ. वाफ्याच्या कडेला रात्री ओली फळी पालथी ठेवून सकाळी ती उलटणे हा घरगुती उपाय, लोह-फॉस्फेटच्या गोळ्या हा बाजारातला. लातूरकडच्या सोयाबीन उत्पादकांना २०२२ मध्ये शंखी गोगलगायींनी जो हिसका दाखवला, तसा इथे जवळपास प्रत्येक वसंतात ठरलेला.

फार लवकर लावण्याचा आणखी एक तोटा म्हणजे डेंगळे, म्हणजे अवेळी येणारे फुलांचे दांडे. कांद्याचे किंवा कोबीचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर काही आठवडे थंडीत सापडले, की ते हिवाळा उलटला असे समजून फुलोऱ्यावर येते. बारीक रोप याच थंडीतून सुटते, त्यामुळे जाडजूड रोपे निवडून लावणारा इथे फसतो. वाणांची निवडही महत्त्वाची. कॉर्व्हॅलिस येथील ओरेगॉन राज्य विद्यापीठात जेम्स बॅगेट यांनी या हवामानासाठी बरेच वाण काढले. त्यांपैकी ‘ओरेगॉन शुगर पॉड २’ हा वाटाणा माव्यामार्फत पसरणाऱ्या एनेशन विषाणूला दाद देत नाही, आणि ‘ओरेगॉन स्प्रिंग’ टोमॅटो थंडीतही फळ धरतो. वाणाचा आधार असला तरी हवामानाची खात्री नसते. ११ एप्रिल २०२२ रोजी पोर्टलंडच्या विमानतळावर मोजण्याइतके बर्फ पडले. एप्रिलमधली तिथली ही पहिलीच नोंद.

लसूण आणि फावा बीन (थंडी सोसणारे एक शेंगवर्गीय पीक) ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लावून वसंतातली धावपळ टाळणारेही पुष्कळ आहेत, आणि चिकण माती असेल तर त्यांचेच धोरण शहाणपणाचे.

सिॲटलजवळच्या रेडमंड, बेलव्ह्यू भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या परसात एप्रिलच्या गारव्यात मेथी, कोथिंबीर आणि मुळा छान येतात. जूनमध्ये दिवस सोळा तासांचा झाला की कोथिंबीर फुलावर जाते, म्हणून ती दर पंधरवड्याला थोडी-थोडी पेरतात. वांगी आणि भेंडी यांची रोपे मात्र जूनपर्यंत घरातच थांबतात. भेंडीला तर जुलैच्या रात्रीही गारच वाटतात.