गोव्याच्या पावसात ग्रो टेंट: आधी हवेची तहान मोजा

गोव्यात घरातल्या खोलीत ग्रो टेंट (दिवे आणि पंखा लावून आत झाडं वाढवायचा बंद तंबू) उभारून बेझिल, मिरची, पुदिना लावणाऱ्यांना जुलैत एक कोडं पडतं. दिवे चांगले, खत मोजून दिलेलं, पंखा दिवसरात्र चालू, तरी कोवळ्या पानांची टोकं करपतात आणि देठाशी राखाडी बुरशी धरते. खत बदलून इथे फारसं काही होत नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा हवेत असतं.

मुळांनी शोषलेलं जवळजवळ सगळं पाणी झाड पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, वाफेच्या रूपाने सोडून देतं. ही वाफ बाहेर पडते म्हणून खालून पाणी ओढलं जातं, आणि त्याच पाण्यासोबत कॅल्शियम वर चढतं. हवा बाष्पाने भरलेली असली की हा ओढा मंदावतो. मग कुंडीत कॅल्शियम भरपूर असूनही पानाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही.

हवेला किती तहान आहे हे नुसत्या आर्द्रतेच्या टक्क्यांवरून कळत नाही. हवा जास्तीत जास्त जितकं बाष्प धरू शकते आणि प्रत्यक्षात जितकं आहे, त्यांच्या दाबातला फरक बघावा लागतो. याला व्हीपीडी (व्हेपर प्रेशर डेफिसिट) म्हणतात; तो जितका जास्त, तितकी हवा तहानलेली. बहुतेक पालेभाज्यांना आणि फळभाज्यांना ०.८ ते १.२ किलोपास्कल (दाबाचं एकक) व्हीपीडी मानवतो. आता पावसाळ्यातली हवा घ्या: २६ अंश सेल्सिअस, आर्द्रता ९० टक्के. व्हीपीडी येतो जेमतेम ०.३४. हीच हवा टेंटमध्ये ओढली आणि दिव्यांच्या उष्णतेने ती ३० अंशांवर गेली, तर बाष्प तेवढंच राहून आर्द्रता ७१ टक्क्यांवर उतरते आणि व्हीपीडी १.२ होतो. एक थेंबही पाणी न काढता! (झाडांनी सोडलेली वाफ यात धरलेली नाही, म्हणून पंख्याने हवा सतत बदलती ठेवायचीच.)

म्हणजे दिव्यांची उष्णता आपल्याकडे पावसाळ्यात कामाची आहे. खरा धोका दिवे विझल्यावर. टेंट थंडावतो, आर्द्रता पुन्हा नव्वदीत जाते आणि बुरशीला हवं ते मिळतं. म्हणून मी तरी जून ते सप्टेंबर दिवे रात्री चालवा असंच सांगेन. बाहेरची हवा सर्वांत थंड आणि दमट असते तेव्हा आत ऊब राहते, आणि झाडांचा अंधार दुपारच्या उबदार वेळेत येतो. ३० अंश बेझिलला, मिरचीला चालतात. लेट्यूस मात्र तुरा काढतं, त्यासाठी एसी लागतो.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी करून काढणारं यंत्र, घ्यावा का? घ्या, पण त्याचा हिशेब समजून. एक लिटर वाफेचं पाणी करताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता सुटते, आणि ती, यंत्राच्या स्वतःच्या विजेसकट, खोलीतच राहते. एसी ती बाहेर टाकतो. छोट्या बंद खोलीत हा फरक लगेच जाणवतो. टेंटची एक्झॉस्ट नळीही खिडकीबाहेर काढा. ती खोलीतच सोडली, तर तीच दमट हवा फिरून आत येते.

हे सगळं आर्द्रतामापक खरा असेल तरच. तपासणी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात बारीक मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ यायला हवा. ८१ आला, तर पुढच्या आकड्यांतून सहा वजा करा. मिठागरातलं जाडं मीठ यासाठी नको. त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे आकडा खाली येतो.

किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा पंख्याचे आणि प्लगचे जोड गंजवते. काळा किंवा हिरवा पडलेला जोड तापतो, तो लगेच बदला. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीवर उंच लावा, वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबू द्या म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच टपकेल, आणि टेंटची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.