कॉफी किती घालायची? चमचा बाजूला ठेवा, वजनकाटा काढा

कॉफीच्या पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, एका कपाला एक चमचा. आता यातला कप कोणता आणि चमचा कोणता? एक लिटरची फ्रेंच प्रेस (पावडर-पाणी घालून वरून जाळी दाबायचं भांडं) बाजारात 'आठ कपांची' म्हणून मिळते, म्हणजे तिचा कप झाला सव्वाशे मिलीचा, तीन कपांच्या मोका पॉटमधून (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने खालचं पाणी पावडरीतून वर चढवणारं भांडं) सगळी मिळून दीडशे मिलीच्या आसपास कॉफी निघते म्हणजे तिथला कप पन्नासचा, आणि आपल्या घरातला कॉफीचा मग सहज अडीचशे-तीनशे मिलीचा. एकच शब्द आणि तीन मापं, मग कॉफी रोज वेगळी लागणारच ना.

चमच्याचं तर विचारूच नका. सपाट भरलेल्या टेबलस्पूनमध्ये साधारण 5 ग्रॅम पावडर बसते, तोच शीगेने भरला की 7-8 वर जातो. शिवाय कॉफी किती भाजलीय त्यावरही ते अवलंबून. भाजताना बियांमधलं पाणी उडून जातं, आत वायू तयार होतो, बी फुगते, म्हणजे वजन घटतं (डार्क रोस्टमध्ये, म्हणजे जास्त भाजलेल्या कॉफीत, 15-20 टक्क्यांपर्यंत) आणि आकार वाढतो. त्यामुळे डार्क रोस्टचा चमचा लाइट रोस्टच्या चमच्यापेक्षा हलका भरतो, दिसायला दोन्ही सारखेच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की महागड्या मशीनच्या आधी वजनकाटा घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा फ्रेंच प्रेसला पुरतो, पण 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तमच. एक गोष्ट सांगते, काट्यावर पावडर चिमूट चिमूट टाकत गेलात तर बऱ्याच काट्यांवर आकडा हलतच नाही, तो बारीकसा फरक काटा स्वतःच शून्य धरून टाकतो. अशा वेळी वाटी उचलून परत ठेवायची, खरा आकडा दिसतो. आणि पाणीसुद्धा काट्यावरच मोजा, कारण 95 अंशाचं गरम पाणी प्रसरण पावलेलं असतं, मापाच्या भांड्यात 250 मिली भरलं तरी वजन भरतं 240 ग्रॅम.

आता मुद्द्याचं. भाजलेल्या कॉफीतला जास्तीत जास्त 30 टक्क्यांच्या आसपासच भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकी सगळा चोथा. पण तो सगळा 30 टक्के काढायचाच नसतो. आधी आंबट पदार्थ झटपट बाहेर येतात, मग गोडसरपणा येतो, आणि कडू-तुरट पदार्थ सावकाश निघत राहतात. अमेरिकेत 1950 च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने यावर काम करून एक तक्ता मांडला, त्यात पावडरीच्या वजनाच्या 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरणं हे चांगलं मानलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अलीकडे हे परत तपासलं तेव्हा दिसलं की सगळ्यांना एकच कप आवडतो असं काही नाही, आवडीचे वेगवेगळे गट पडतात. तरी सुरुवात करायला तो तक्ता आजही कामाचा आहे.

हिशोब करून बघू. 15 ग्रॅम पावडर आणि 250 ग्रॅम पाणी, पेपर फिल्टरमधून. पावडर स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे 30 ग्रॅम गेलं, कपात आलं 220. पावडरीतून 20 टक्के उतरलं तर ते 3 ग्रॅम. म्हणजे कपातला कॉफीचा अंश दीड टक्काही नाही, बाकी निव्वळ पाणी! म्हणूनच पावडरीत दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी जिभेला कळतं.

इथेच लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो. कॉफी स्ट्राँग असणं आणि कडू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावडर किती घातली त्यावर कॉफी दाट की पातळ ते ठरतं, आणि पावडरीतून किती काढून घेतलं त्यावर आंबट की कडू ते ठरतं. कडू झाली म्हणून पावडर कमी केली तर उरलेल्या पावडरीवर पाणी उलट जास्तच पडतं, त्यातून आणखी निघतं, आणि कॉफी पातळ असूनही कडू लागते. तिथे दळण थोडं जाड करायचं किंवा वेळ कमी करायचा. बारीक दळली की पाणी लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि सगळं भराभर उतरतं.

फ्रेंच प्रेसला लिटरमागे 60 ग्रॅम, जाड्या रव्याएवढं दळण, चार मिनिटं. मोका पॉटमध्ये माप तुमच्या हातात नसतंच, बास्केट (पावडरीची जाळीची वाटी) काठोकाठ भरायची, दाबायची नाही, पाणी खालच्या भांड्याच्या व्हॉल्व्हच्या खाली. कमी कॉफी हवी म्हणून बास्केट अर्धी भरलीत तर पाणी मोकळ्या जागेतून वाट काढतं आणि चव बिघडते, त्यापेक्षा लहान पॉट घ्या. एस्प्रेसोला (मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) 18 ग्रॅम पावडरीतून 36 ग्रॅम कॉफी, 25-30 सेकंदांत.

आणि आपला स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर! याचं माप वेगळंच, कारण पुढे दूध पडणार असतं. मी 30 ग्रॅम पावडरीला 200 ग्रॅम पाणी घेते, 60 पावडरीत अडकतं, 140 च्या आसपास डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) मिळतं, म्हणजे वरच्या पेपर फिल्टरच्या कॉफीच्या तिप्पट दाट, त्यात तिप्पट दूध घातलं तरी कॉफी दुधात हरवत नाही. फक्त चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड) किती आहे ते पाकिटावर बघा. नियमाप्रमाणे मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी लागते, म्हणजे चिकोरी 49 पर्यंत असू शकते. चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे डिकॉक्शन काळंभोर आणि दाट दिसतं पण तिच्यात कॅफिन अजिबात नसतं, तेव्हा नुसत्या रंगावरून माप ठरवू नका. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं डिकॉक्शन पातळ आणि कडवट निघतं, कारण चांगलं ते पहिल्याच पाण्यात उतरलेलं असतं. घरी माणसं जास्त असतील तर पावडर आणि पाणी दोन्ही त्याच प्रमाणात वाढवा, किंवा मोठा फिल्टर काढा.