पार्श्वभूमी : मॉर्मन मिशनऱ्याचा आठवडा

छातीवर काळी नावपट्टी लावून जोडीने फिरणारे १८-१९ वर्षांचे मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन चर्चचे धर्मप्रचारक, अनेक देशांत दिसतात. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष सेवा करतात. जोडीने जायचे हा दंडक १८३१चा, म्हणजे चर्च स्थापन झाले त्याच्या पुढच्याच वर्षीचा. आठवड्याची आखीव घडी मात्र बरीच नंतर बसली.

सुरुवातीला जात ते बहुतेक संसारी पुरुष. बायकामुले मागे, खिशात पैसे नाहीत, जेवणखाण मिळेल तिथे. १८५२मध्ये मुंबईत उतरलेले आणि पुढे पुण्यात गेलेले मिशनरी ह्यू फिंडले याच काळातले. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध, आणि वरिष्ठांना पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायला महिने. अशात साप्ताहिक अहवाल कोण मागणार? अविवाहित स्त्रियांना अधिकृतपणे १८९८मध्ये इंग्लंडला पाठवले गेले. १९२५मध्ये चर्चचे मुख्यालय असलेल्या अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मिशनऱ्यांच्या तयारीसाठी 'मिशन होम' उघडले आणि १९६१मध्ये त्याच युटा राज्यातल्या प्रोव्होत भाषावर्ग सुरू झाले. कामाला एकसारखे वळण लागले ते या टप्प्यावर.

आज बदल्यांचा फेरा साधारण सहा आठवड्यांचा असतो. जोडीतला एक जातो, दुसरा शक्यतो राहतो. यामागे साधा हिशोब आहे : कोणाकडे जायचे, कोणत्या घरी कुत्रा सुटा असतो, कोण आजारी आहे, हे राहणाऱ्याला तोंडपाठ असते. दोघेही एकदम नवे आले की भिस्त फक्त आधीच्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदींवर. पूर्वी ही जाडजूड फाइल असे, आता मोबाइलवरचे अॅप. फाइल असो वा अॅप, दुखणे तेच. 'निळे घर, संध्याकाळी या' एवढीच नोंद, त्या गल्लीत निळी घरे तीन, आणि पहिला आठवडा पत्ते शोधण्यातच संपतो.

'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस, बहुधा सोमवारी. कपडे धुणे, आठवड्याचा किराणा, केस कापणे, घरी लिहिणे, सगळे संध्याकाळी सहाच्या आत, कारण सहानंतर पुन्हा कामावर. नावाला सुटी, एवढेच. बाकी दिवसांत भेटी, सेवाकार्य, आसपासच्या जोड्यांची बैठक, पुढच्या आठवड्याच्या नियोजनाला एक लांब बैठक आणि रविवारी प्रार्थनासभा.

साडेसहाला उठणे, साडेदहाला झोपणे हे वेळापत्रक जगभर सारखेच होते. जिथे कुटुंबे रात्री उशिरा मोकळी होतात तिथे ते आडवे येई : भेटीची खरी वेळ झाली की मिशनऱ्यांची घरी परतायची वेळ. २०१७मध्ये मिशनप्रमुखांना, म्हणजे एकेका भागातल्या मिशनऱ्यांच्या वरिष्ठांना, स्थानिक परिस्थितीप्रमाणे वेळा बदलण्याची मुभा मिळाली. घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला, एरवी ईमेल. फेब्रुवारी २०१९पासून दर पी-डेला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. आमच्या मते गेल्या काही दशकांतला हा सर्वांत माणुसकीचा बदल.

पैशांचे गणितही असेच सुधारले. महागड्या देशात गेलेल्याच्या घरच्यांना जबर भुर्दंड, स्वस्त देशात गेलेल्याला किरकोळ खर्च, ही तफावत १९९१मध्ये अमेरिका-कॅनडातल्यांसाठी समान मासिक रक्कम ठरवून मिटवली गेली. ती रक्कम जुलै २०२०मध्ये ४०० डॉलरवरून ५०० झाली.