आर-मर्ज लहान, म्हणजे मोजमाप चांगलं?

प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडली की शोधनिबंधात मोजमापांचा एक तक्ता येतो. त्यातला आर-मर्ज जितका लहान तितकं काम चोख, ही समजूत फार चिवट आहे. आणि चुकीचीही.

स्फटिक १०० केल्विनला थंड ठेवून किरणांसमोर थोडाथोडा फिरवतात, डिटेक्टरवर हजारो ठिपके टिपतात. सममितीमुळे ज्यांची तीव्रता सारखी असायला हवी असे ठिपके पुन्हापुन्हा मिळतात. प्रत्येक मोजमाप सरासरीपासून किती दूर आहे ते चिन्ह सोडून घ्यायचं, सगळ्यांची बेरीज करायची, तिला तीव्रतांच्या बेरजेने भागायचं. हा आर-मर्ज.

एक ठिपका दोनदा मोजला: ९० आणि ११०. अंतरांची बेरीज २०, तीव्रतांची २००. आर-मर्ज १० टक्के. आता कडेचा फिकट ठिपका: १५ आणि उणे ५. तीव्रता उणे? हो, ठिपक्याखालची पार्श्वभूमी वजा केली की असं होतं, आणि ते माप फेकून द्यायचं नसतं. अंतरांची बेरीज तीच २०, तीव्रतांची मात्र १०. आर-मर्ज २०० टक्के! चूक तेवढीच, छेद तेवढा आटला.

दुसरी खोट याहून वाईट. दोनच मापं असली तर सरासरी त्यांच्याच मधोमध बसते आणि फरक कमी भासतो. मापं वाढवली की सरासरी भरवशाची होते, पण आर-मर्ज चढतो. म्हणजे मेहनत केली की गुण कमी! डीडरिक्स आणि कार्प्लस या स्फटिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली यावर दुरुस्ती सुचवली: मापांची संख्या भागिले तिच्याहून एक कमी, याच्या वर्गमुळाने गुणायचं. दोन मापांना १.४१, दहांना १.०५. हा आर-मीस.

पण छेदाचं दुखणं त्यातही उरतं. म्हणून २०१२ मध्ये त्याच दोघांनी सीसी-हाफ पुढे आणला. प्रत्येक ठिपक्याची मापं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटा, दोन्हींच्या सरासऱ्या काढा आणि एकेका विभेदन-थरातल्या (प्रतिमेच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या एकेका वलयातल्या; कडेकडे जावं तसा रचनेचा तपशील बारीक) सगळ्या ठिपक्यांवर त्यांचा सहसंबंध पाहा. आतल्या थरांत तो १ च्या जवळ असतो, कडेला शून्याकडे उतरतो. ०.३ आला तरी गोंगाटविरहित खऱ्या तीव्रतेशी अंदाजे ०.६८ सहसंबंध उरतो. तीव्रता त्रुटीच्या दुप्पट नसेल तर थर कापा, हा जुना दंडक अशी कामाची मापं फुकट घालवतो.

सीसी-हाफ मधल्याच थरात खचला, तर आधी थंड स्फटिकावर साचलेला बर्फ तपासा: ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमवरची (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक अब्जांशाचाही दहावा भाग) त्याची कडी प्रतिमेत डोळ्यांनी दिसतात. जुळा स्फटिक (वेगवेगळ्या दिशांचे भाग एकत्र वाढलेला, म्हणून ज्याचे ठिपके एकमेकांवर पडतात) मात्र चकवतो, कारण त्याची मापं आपसात झकास जुळतात. तिथे तीव्रतांच्या वर्गांची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग काढायचा: एरवी साधारण २, पूर्ण जुळ्याला १.५.