दगड उलटून पाहिल्यावर: रामनदीसारख्या ओढ्याची तपासणी

पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीच्या डोंगरउतारावर उगम पावणारी रामनदी भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण आणि बाणेर ओलांडून औंधच्या बाजूला मुळा नदीला मिळते. तिची लांबी वीस किलोमीटरही भरत नाही, त्यामुळे नाव नदीचे असले तरी आकाराने ती मोठा ओढाच आहे. मात्र एवढ्या थोड्या अंतरात तिला डोंगरातले झरे, शेते, भूगावचा आणि पाषाणचा असे दोन तलाव आणि पुढे दाट वस्तीचे सांडपाणी भेटते. त्यामुळे ओढ्याच्या पाण्याची परीक्षा कशी करावी हे समजून घ्यायला तिच्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

पाणी तपासायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बाटली आणि प्रयोगशाळा येते. ती आवश्यकच आहे, पण बाटलीतले पाणी फक्त ती भरली त्या क्षणाचे असते. रात्री कोणी टँकर रिकामा केला आणि सकाळपर्यंत ते पाणी वाहून गेले, तर दुपारच्या नमुन्यात त्याचा मागमूसही राहत नाही. ओढ्याच्या तळाशी दगडांना धरून राहणारे कीटक, गोगलगायी आणि कृमी मात्र तिथेच आठवडे-महिने काढतात. त्या काळात पाण्यात जे जे येऊन गेले ते त्यांना सोसावे लागते, आणि ज्यांना सोसवत नाही ते नाहीसे होतात. म्हणूनच रासायनिक मोजमाप आणि जलचरांची नोंद ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी, एकाच दिवशी करावीत असा माझा आग्रह आहे.

रासायनिक मोजमापांत सर्वांत बोलके माप विरघळलेल्या ऑक्सिजनचे. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली पद्धत आजही महाविद्यालयांत वापरली जाते आणि ती डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. हवेचा एकही बुडबुडा आत राहणार नाही अशी बाटली भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचे आणि बूच लावून बाटली खालीवर करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होऊन हळूहळू खाली बसू लागतो, आणि ऑक्सिजन अजिबात नसेल तर तोच साका पांढरा राहतो. पुढे आम्ल घातल्यावर साका विरघळतो, ऑक्सिजनच्या प्रमाणात मोकळे झालेले आयोडीन पाण्याला पिवळसर रंग देते आणि थायोसल्फेटच्या द्रावणाने त्याचे मोजमाप करता येते. शेवटी घातलेल्या स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो, तिथे थांबायचे. पण सांडपाण्याच्या जवळ नेमका आकडा काढण्याआधी साक्याचा रंगच बरेच काही सांगून जातो.

हा आकडा वाचताना तापमान आणि वेळ यांची नोंद नसेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसचे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवू शकते, तर ३० अंशांना साडेसातच. पुणे उंचावर असल्यामुळे तिथे हे आकडे आणखी थोडे खाली येतात. शेवाळ माजलेल्या पाण्यात तर दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि रात्रभराच्या श्वसनानंतर पहाटे तो अगदी कमी झालेला असतो. दुपारी दोन वाजता घेतलेला उत्तम आकडा पाहून समाधान मानणारे अहवाल वाचले की वाईट वाटते, कारण माशांचा जीव जातो तो पहाटे.

दुसरे माप बीओडीचे, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मैला कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात याचे. युरोपात ही चाचणी २० अंशांवर पाच दिवस चालते. आपल्याकडची भारतीय मानक पद्धत मात्र २७ अंशांवर तीन दिवसांची आहे, कारण उष्ण हवामानात कुजण्याचा वेग अधिक असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार अंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. सामू (पीएच), गढूळपणा आणि विद्युतवाहकता ही मापे लहान उपकरणांनी काठावरच घेता येतात. त्यांतही वाहकता विशेष उपयोगी, कारण दोन ठिकाणांच्या मधे ती अचानक वाढली तर तेवढ्या टप्प्यात कुठूनतरी क्षारयुक्त पाणी मिसळते आहे असे समजून काठाने चालत उगम शोधता येतो, आणि बहुतेक वेळा तो सांडपाण्याचा पाइप निघतो.

आता तळाकडे वळू. नमुना घ्यायला संथ डोहापेक्षा पाणी दगडांवरून खळाळत जाते ती उथळ जागा बरी. बारीक जाळी तिचे तोंड प्रवाहाकडे करून तळाला टेकवायची आणि तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने हलवायचे, म्हणजे सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. मोठे दगड हाताने उचलून, चोळून तेही जाळीत धुवायचे. मग सगळे पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये ओतून थोडा वेळ स्तब्ध राहायचे. सुरुवातीला नुसता पाचोळा आणि वाळू दिसते, आणि मग त्या वाळूचाच एखादा तुकडा चालू लागतो. ही कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी असते. आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण जोडून तिने अंगाभोवती नळी बांधलेली असते.

सह्याद्रीतल्या स्वच्छ, खळाळत्या ओढ्यांत तिच्यासोबत मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्ले भेटतात. मेफ्लायच्या पिल्लांना बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात, जे सतत हलत राहतात. स्टोनफ्लायच्या पिल्लांना शेपट्या दोनच आणि प्रत्येक पायाला नख्या दोन. त्यांना थंड, वाहते, ऑक्सिजनने भरलेले पाणी लागते. याच्या उलट टोकाला मैल्याच्या गाळात राहणाऱ्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमी आहेत. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा आहे, आणि ऑक्सिजन नावापुरता उरलेल्या पाण्यात त्याच्याच बळावर ते तग धरतात. काही माश्यांच्या अळ्या तर पाण्यातला ऑक्सिजन वापरतच नाहीत. शेपटीची लांब नळी पाण्याबाहेर काढून त्या थेट हवेत श्वास घेतात.

या निरीक्षणांना आकड्यांचे रूप देण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जैविक निकष तयार केले असून त्यात दोन गुणांक काढतात. पहिल्यात प्रत्येक कुळाला त्याच्या संवेदनशीलतेप्रमाणे १ ते १० गुण असतात. स्टोनफ्लायच्या मुख्य कुळाला १०, लाल अळ्यांच्या कुळाला २ आणि ट्युबिफेक्सच्या गटाला १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी ७ किंवा अधिक आली तर पाणी स्वच्छ, २ च्या खाली गेली तर प्रदूषण अतिगंभीर. दुसरा गुणांक विविधतेचा असून तो काढण्याची रीत मला फार आवडते, कारण तिच्यासाठी जिवांची नावेही माहीत असावी लागत नाहीत. ट्रेमधले जीव ओळीने एकेक पाहायचे आणि समोरचा जीव आधीच्याहून वेगळा असेल तर नवा गट मोजायचा. समजा दहा जीव पाहिले: आधी तीन लाल अळ्या, मग एक गोगलगाय, मग पुन्हा सहा लाल अळ्या. गट झाले तीन, त्यांना एकूण दहा जिवांनी भागायचे, म्हणून गुणांक ०.३. प्रत्येक जीव शेजाऱ्याहून वेगळा असता तर तो १ आला असता.

मासे दिसले म्हणजे पाणी चांगले, हा समज मात्र सोडायला हवा. डासांच्या बंदोबस्तासाठी सोडलेले गप्पी नाल्याच्या पाण्यातही थव्याने फिरतात, कारण पृष्ठभागालगतच्या पातळ थरात हवेतून उतरणारा ऑक्सिजन त्यांना तोंड वर करून घेता येतो. पाण्यावरून घसरत चालणारे लांब पायांचे कीटकही हवेतच श्वास घेतात, त्यामुळे त्यांच्या असण्याने पाण्यात किती ऑक्सिजन आहे हे कळत नाही. तसेच ट्रेमध्ये स्टोनफ्लाय सापडली म्हणून ते पाणी पिण्याजोगे ठरत नाही. विष्ठेतले जिवाणू या कीटकांना मारत नाहीत, त्या जिवाणूंसाठी कोलिफॉर्म या जिवाणूगटाची वेगळी चाचणी करावीच लागते.

रामनदीसारख्या प्रवाहात नमुन्यांची ठिकाणे निवडताना तलावांचाही विचार करावा लागतो. तलावातून बाहेर पडणारे पाणी अधिक उबदार असते आणि त्यात सूक्ष्म शेवाळ असते, त्यामुळे सांडव्याच्या लगेच खाली मिळणारे जीव डोंगरातल्या जिवांपेक्षा प्रदूषण नसतानाही वेगळे असतात. सांडपाणी मिसळते त्या जागेच्या वर एक आणि खाली निदान दोन ठिकाणे हवीत, कारण ऑक्सिजनचा नीचांक मैला पडतो तिथे येत नाही, जिवाणूंचे काम जोरात सुरू झाल्यावर थोडा खाली येतो. अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवरच्या अभ्यासातून १९२५ साली हे गणिताने मांडले.

ऋतूचा प्रश्न आपल्याकडे आणखी महत्त्वाचा आहे. भर पावसाळ्यात पुराबरोबर तळ खरवडला जातो, म्हणून नोंदी पाऊस थांबून प्रवाह स्थिरावल्यावर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत घ्याव्यात. दख्खनमधले पुष्कळसे छोटे ओढे उन्हाळ्यात मुळातच आटतात. तसा एखादा ओढा शहरात मे महिन्यात वाहताना दिसला, तर ते वाहणे हाच निष्कर्ष काढायला पुरेसा पुरावा असतो, कारण ते पाणी बहुधा डोंगरातले नसून घरांतले असते. उलट, उगमाकडचा कोरडा टप्पा निर्जीव समजू नये. काही जीव ओल्या वाळूत खोल उतरतात, काही अंड्यांच्या रूपात थांबतात.

सांडपाणी खरोखर बंद झाले तर खालच्या टप्प्यांत जीव परततात ते दोन वाटांनी: वरून प्रवाहाबरोबर वाहत येऊन, आणि प्रौढ कीटक उडत येऊन अंडी घालतात त्यातून. या दोन्ही वाटा सुरू होतात त्या उगमाकडच्या स्वच्छ टप्प्यांतून. त्यामुळे खाटपेवाडीच्या बाजूचे झरे आणि तिथले दगडगोटे भरावाखाली गेले, तर बाणेरमध्ये सांडपाणी शुद्धीकरणाची कितीही चांगली यंत्रणा उभारली तरी स्टोनफ्लाय तिथे येणार कुठून, हे या तपासणीत पहिल्यांदा नोंदवण्याची गोष्ट आहे.