घोड्यावरच्या सहलीला निघण्याआधी: तुमचं खरं वजन आम्हाला का हवं असतं

आमच्या नोंदणी अर्जात वजनाचा एक रकाना असतो आणि सगळ्यात जास्त फोन त्याच रकान्यावरून येतात. "अंदाजे लिहिलं तर चालेल का?" "दहा किलोंनी घोड्याला काय फरक पडतो?" अंदाजे चालत नाही आणि फरक पडतो. रोज प्रत्येकाला फोनवर एवढं सगळं सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक.

परदेशातल्या चांगल्या घोडेस्वारीच्या केंद्रावर तुमचा घोडा तुम्ही पोचण्याआधीच ठरलेला असतो. गटातल्या प्रत्येकाचं वजन, उंची आणि सवारीचा अनुभव बघून तिथली माणसं जोड्या लावतात. काल लांब चालून आलेला घोडा कोणता, आज कोणाला विश्रांती द्यायची, कोणते दोन शेजारी आले की एकमेकांना चावतात, हे सगळं त्यात धरलेलं असतं. आता अर्जात 78 किलो लिहिलंय आणि सकाळी काट्यावर 91 भरलं, असं समजा. 91 किलो पेलणारा घोडा आधीच दुसऱ्याला दिलेला असतो. मग त्याचा घोडा बदलतो, त्याच्यामुळे तिसऱ्याचा बदलतो, खोगिरं उतरवून पुन्हा कसावी लागतात, रिकिबी नव्याने मापाव्या लागतात. ऊन चढायच्या आत गाठायचा टप्पा हातचा जातो. तेवढ्या ताकदीचा घोडा केंद्राकडे नसेलच, तर तुम्हाला मागे थांबावं लागतं. त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत, कारण मर्यादा आधी लेखी कळवलेली असते. ग्राहकाचा असा हिरमोड झालेला आम्हाला बघवत नाही, आणि तो टाळणं अगदी सोपं असतं.

हिशोब साधा आहे. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंतच भार असावा, असं बहुतेक केंद्रं धरून चालतात. 2008 साली अमेरिकेत ओहायोमध्ये झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15 ते 30 टक्के भार ठेवून पाहिला होता. 25 आणि 30 टक्क्यांना हृदयाचे ठोके जास्त वाढले आणि स्नायूही जास्त दुखावले. घोडा 400 किलोचा असेल तर 20 टक्के म्हणजे 80 किलो. त्यातून खोगिराचे आठ-दहा किलो वजा करा, बूट, जाकीट, शिरस्त्राण, पाण्याची बाटली आणि पाठीवरची पिशवी वजा करा. उरलं ते तुमचं. घोडा म्हातारा असेल, वाट चढाची असेल किंवा ऊन कडक असेल, तर केंद्र ही मर्यादा आणखी खाली आणतं आणि त्यात आम्ही कधीच घासाघीस करत नाही.

ब्रिटनमधली केंद्रं वजन बऱ्याचदा 'स्टोन'मध्ये विचारतात. एक स्टोन म्हणजे 6.35 किलो. 13 स्टोनची मर्यादा साधारण साडेब्याऐंशी किलोंवर संपते.

"मंगोलियात तर धिप्पाड माणसं एवढ्याशा घोड्यावर बसतात," असंही आम्हाला ऐकवलं जातं. खरं आहे. पण तिथला पशुपालक रोज त्याच घोड्यावर बसत नाही. त्याच्या कळपात बरेच घोडे असतात, आज वापरलेला घोडा तो चरायला सोडतो आणि दुसरा धरतो. शिवाय त्याची मांड लहानपणापासून पक्की झालेली असते. नवखा स्वार दर पावलाला खोगिरावर आपटतो, आणि वजन तेवढंच असलं तरी पाठीला तो जड पडतो. म्हणूनच अनुभवाचा रकानाही खरा भरा. कधीतरी समुद्रकिनाऱ्यावर मारलेल्या फेरीला 'अनुभव आहे' म्हणू नका.

आइसलँडला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. त्या देशात बाहेरचा घोडा येऊ देत नाहीत आणि तिथून बाहेर गेलेला घोडाही परत घेत नाहीत. एवढ्या एकांतात वाढल्यामुळे बाहेरच्या रोगांशी लढायची ताकद त्या घोड्यांत कमी असते. 2010 साली खोकल्याची साथ देशभरच्या घोड्यांत पसरली आणि त्यांचा मोठा राष्ट्रीय अश्वमेळावा पुढे ढकलावा लागला. त्यामुळे दुसऱ्या घोड्यांवर वापरलेले खोगीर, लगाम आणि हातमोजे तिकडे न्यायला मनाई आहे. सवारीचे कपडे नीट धुऊन, निर्जंतुक करूनच न्यायचे. मित्राचे हातमोजे मागून घेऊ नका. लागेल ते सामान तिथलं केंद्र देतं.

आमचे दर जास्त वाटतात, असं काही जण म्हणतात. इंग्लंडमध्ये आम्ही परवाना असलेल्या केंद्रांकडेच जातो. तो परवाना स्थानिक काउन्सिल देतं, पशुवैद्य दरवर्षी पाहणी करतो, आणि तीन वर्षांखालचं शिंगरू किंवा दिवस भरत आलेली गाभण घोडी सवारीला देता येत नाही. जिथे असा कायदा नाही तिथे आम्ही केंद्राला जादा घोडे सोबत ठेवायला सांगतो, मधल्या दिवसाची विश्रांती ठरवून घेतो आणि सामान गाडीने नेतो. दरातला फरक तिथेच जातो. गिझाच्या पिरॅमिडपाशी ऐनवेळी समोर येणारा घोडा आणि ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाच्या जुन्या बंदरावरून जवळजवळ सहाशे पायऱ्या चढणारं गाढव आमच्या कुठल्याच सहलीत नाही. ग्रीसने 2018 साली या जनावरांवर 100 किलोंपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार टाकायला बंदी केली, पण भर गर्दीत प्रत्येक प्रवाशाला काट्यावर कोण उभं करणार? सँटोरिनीत वर जायला केबल कार आहे, आम्ही तिचंच तिकीट काढतो.

तुम्ही स्वतः कुठे घोडा भाड्याने घेतलात, तर खोगीर चढण्याआधी पाठ बघायला मागा. ओली जखम दिसली किंवा तंगाखाली, म्हणजे खोगीर कसायच्या पट्ट्याखाली, कातडी सोललेली दिसली तर बसू नका. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ते बहुधा जुन्या जखमांचे असतात, त्यावरून आताच्या मालकाला दोष देण्याची घाई नको. लंगडणारा किंवा बरगड्या सहज मोजता येणारा घोडा नाकारा. आणि घोड्याला आपल्या पिशवीतलं काही खाऊ घालू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात बिघडलं तर जिवावर बेतू शकतं.

वजन करताना बूट, जाकीट घालून, भरलेली पिशवी पाठीवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि तोच आकडा लिहा. निघण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही पुन्हा विचारू, तेव्हा पुन्हा वजन करून सांगा. आकडा मर्यादेच्या वर गेला तरी नोंदणी सोडू नका. ब्रिटन-आयर्लंडमध्ये थोराड जातीचे घोडे ठेवणारी केंद्रं आहेत. काही ठिकाणी गटाच्या बरोबरीने पायी चालायची सोय होते, काही ठिकाणी घोडागाडी मिळते. महिनाभर आधी कळलं तर तुमच्यासाठी नेमकं काय जमेल ते आम्ही केंद्राशी बोलून ठरवतो. हा आकडा आम्ही केंद्राखेरीज कोणालाही सांगत नाही, सोबतच्या प्रवाशांनाही नाही.